बाप न पाहिलेल्याची फुंकर

—नको, नको, बोटाने खरवडू नकोस ते, पोरी, रक्त येईल. दूध नाही ते, दूध असतं तर एव्हाना पुसलं गेलं असतं. बघू? उजेडाकडे कर तोंड तिचं — हं. जिभेवर, गालांच्या आतून, सगळीकडे, दही फासल्यासारखं. अंगावर घेतलं की रडते ना? दोन घोट घेते आणि सोडून देते? मग. — खालच्या मजल्यावर थेंब दिलेत? दिलेत ना, मग ते घाल, न चुकता घाल, मी डॉक्टरांना नावं ठेवत नाहीये, आज तर कोणालाच ठेवणार नाही, आजचा दिवस तसा नाही माझा. — अगं, पिशवी तिथे नको. त्या खुर्चीवर नको. खाली ठेव, माझ्या पायाशी, फरशी स्वच्छ आहे, आत्ताच पुसून गेली ती बाई. नाही, कोणी बसलेलं नाही. दिसतंय मला रिकामी आहे ते. असू दे रिकामी.

तर काय म्हणत होते — या पांढऱ्याला आमच्या घळीत एकच औषध होतं, आणि ते औषध आत्ता त्या दाराच्या पलीकडे आडवं पडलंय, डोक्यावर टोपी चढवून. माझा लेक, हर्शेल. हसतेस? हस, हस, तेवढाच वेळ जाईल. तुझा नवरा उद्या ना आत जायचा? मग आज तुलाही नुसतं बसायचंय आणि मलाही. आणि मला गोष्ट सांगितल्याशिवाय बसता येत नाही, हा माझा जुना रोग. शाळा माझी तिसरीत सुटली, पाठची भावंडं सांभाळायला आईने घरी ठेवली, त्यामुळे वाचणं-लिहिणं बेताचंच. पण कानात पडलेलं कधी सांडलं नाही.

ऐक. आटपाट डोंगर होता. डोंगराच्या अंगावर जंगल होतं, पोटात कोळसा होता, आणि दोन डोंगरांच्या बगलेत एक घळ होती, इतकी अरुंद की सूर्य जेवायच्या वेळेला यायचा आणि भांडी घासून होईपर्यंत निघून जायचा. त्या घळीत ओकी नावाचा एक तरुण राहत होता, त्याची म्हातारी आई डेल्फा राहत होती, आणि ओर्फा नावाची त्याची बायको राहत होती. ओर्फा म्हणजे मीच गं, दुसरी कोण. गोष्टीत स्वतःला 'ती' म्हणावं, माझी आजी तसंच म्हणायची, पण मला नाही जमत फार वेळ. तर ओकी. कान असे सुपाएवढे, कांदा सफरचंदासारखा कच्चा चावून खायचा, आणि दातांतून शीळ घालायचा — अख्ख्या घळीतली कुत्री त्याच्या मागे. डोंगराच्या वरच्या अंगाला एक लहानशी खाण होती, तिथे जायचा. आंघोळीची सोय नव्हती तिथे, काळाठिक्कर होऊन घरी यायचा. आणि त्याची एक खोड होती. आला की सरळ घरात शिरायचा नाही. पायरीवर बसायचा, पाठ घराकडे, तोंड डोंगराकडे. बूट काढायचा, सावकाश, एकेक नाडी. मग नळाखाली तोंड धुवायचा, आणि मगच माझ्याकडे वळायचा. म्हणायचा, काळं तोंड घेऊन बायकोकडे बघायचं नसतं, अंधार सोबत घरात येतो. मी आत चुलीपाशी उभी असायची, त्याच्या पाठीकडे बघत, आणि मनात म्हणायची, वळ. वळ ना मेल्या.

बस्स, एवढाच संसार. मला नववा लागला होता आणि खाणीचं छत बसलं. त्याला आणि आणखी दोघांना घेऊन. इतका दगड आला, इतका आला, की गेलेल्यांना काढता काढता जिवंत माणसं गेली असती. मग तोंडच बंद केलं बोगद्याचं. पाद्रीबाबांनी बाहेर उभं राहून प्रार्थना म्हटली, बंद भिंतीसमोर, आणि आम्ही तिघी बायका भिंतीला हात लावून घरी आलो. थडगं नाही. मेलेलं तोंडही बघायला मिळालं नाही मला. म्हणजे बघ — तो त्या सकाळी गेला तो पाठमोराच गेला की, आणि माझ्या लेखी अजून पाठमोराच आहे.

आणि मग हर्शेल झाला. सुईणीने उलटा धरून चापट मारली, तो रडला, आणि ती पहिलं काय बोलली? मुलगा आहे, असं नाही. म्हणाली, 'ह्याने बाप नाही पाहिला.' तू खोऱ्यातली, तुमच्याकडे हे चालत नसेल. आमच्याकडे सगळ्या बायकांना ठाऊक — ज्या पोराने बापाचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्या श्वासात गुण असतो. तान्ह्याचं तोंड असं पांढरं झालं की त्याने तीन सकाळी त्या तोंडात फुंकर घालायची, की जातं. पैसे द्यायचे नाहीत, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत, 'देव तुझं भलं करो' एवढंसुद्धा नाही — उचलायचं आपलं पोर आणि निघायचं. पण तोंड पाहिलं नाही म्हणजे नाही! फोटोतलं तोंड, तेही तोंडच. माझी सासू, डेल्फा, उठली तशी, सुईणीचे हात धुऊन व्हायच्या आत, आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो उलटा केला. स्वतःच्या लेकाचा फोटो गं. मग आठवड्याभराने एकेक काढून चुलीत घातले. घालताना रडत होती, आणि घालत होती. म्हणे, 'माझ्या ओकीतून काहीतरी निघू दे चांगलं. नुसता दगडाखाली नको जायला तो.' आता तिला काय म्हणायचं? मी नाही काही म्हणत. घळीत दर हिवाळ्यात एखादं तान्हं जायचं, डॉक्टर होता नदीपलीकडे, आणि नदीला पूर.

हर्शेल चालायला लागला तशी पोरं यायला लागली. अगं, तुला काय सांगू ते दृश्य — आईच्या मांडीवर तान्हं, आणि हा समोर उभा, दोघांची तोंडं एकाच उंचीला. गंभीर चेहरा करायचा, पाद्रीबाबांसारखा. ओठांचा चंबू. फूऽऽ. तान्ही दचकायची, डोळे मिटायची, कधी हसायची. डोंगर ओलांडून यायच्या बायका. एकदा एक बाई आली, येताना अंडी घेऊन आलेली, डेल्फाने दारातच झापलं, 'अंडी घेऊन माघारी जा नाहीतर पायरीवर विसरून जा, हातात देऊ नकोस!' तर ती बाई खरंच विसरून गेली हो पायरीवर, पुढच्या वेळी आली तेव्हा म्हणते, 'माझी टोपली राहिली होती का इथे?' — हसलीस. बरं वाटलं. खायचंय काही? पेपरोनीच्या, तिखट मांसाच्या चकत्या घातलेले पाव आहेत, पहाटे भाजलेत. नको? हर्शेलसाठी आणलेत खरे, पण तो काही खायचा नाही. किती वर्षं झाली, तो खात नाही, नुसतं पुढ्यात सारतो.

हो. तिकडेच येतेय. घाई नको करूस. आपल्याला घाई कुठे आहे?

पोर मोठं झालं तसं विचारायला लागलं, की आई, दिसायला कसा होता तो? आता काय सांगू? कान मोठे होते, सांगितलं. हात लावून बघायचा स्वतःच्या कानांना. नाक? नाक असंच. कसंच? असंच रे, नाकासारखं. पुढे डेल्फा गेली, तरी मी काही सांगितलं नाही फारसं, कारण पोरं येतच होती, आणि त्याचा तो मान होता घळीत, कळलं ना, बाप नसलेल्या पोराला दुसरं काय असतं? सोळाव्या वर्षी लाकूडतोडीवर जायला लागला. तिथल्या गड्यांनी शिकारीला नेला, रात्रभर कुत्र्यांमागे धावायचं आणि शेकोटीजवळ दारूची बरणी फिरवायची, मक्याची, घरची. पहाटे घरी आला, डोळे लाल, आणि मी खडसावायला तोंड उघडणार, तर म्हणतो — शांतपणे म्हणतो, 'आई, मी त्याला बघितलं.' कोणाला? 'माझ्याकडे पाठ होती. कपाळावर दिवा होता, त्याचा उजेड पलीकडे पडत होता. बसला होता आणि बूट काढत होता, एकेक नाडी. मी हाक मारली. तो वळणार होता आई, अगदी वळणार होता.'

माझ्या हातातला तवा पडला. सरळ पायावर, मक्याच्या भाकरीसकट. हा बघ डाग अजून आहे. पोरी, पायरीवरचं ते बूट काढणं मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय त्यात? नवरा बूट काढतो. जगातले सगळे नवरे बूट काढतात.

मग सुरू झालं ते. लोक म्हणतात बेवडा, दारुडा, दारूचं पिंप. म्हणू देत. नशेसाठी प्यायचाच नाही तो, निदान आधी तरी नाही. लाकडाचा ओंडका पाठीवर आला त्यानंतर दुखण्यासाठीही प्यायला, बायको भांडली त्यासाठीही प्यायला, आणि पुढे पुढे तर सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणूनच प्यायला, ते खरंच. तहान ही अशी असते, आधी तू तिला घरात घेतेस, मग ती तुला घराबाहेर काढते. पण मुळात काय, तर तो माणूस वळायचा बाकी होता. एक घोट आणखी, की वळेल. एक आणखी. त्याची बायको बिचारी भली होती, लोर्ना, तिने काय केलं नाही? चर्चच्या सभांना नेलं, गोळ्या आणल्या, दोनदा त्या कोंडून ठेवायच्या दवाखान्यात ठेवला. येताना कसा यायचा, धुतल्या कपड्यासारखा! आणि आठवड्यात पुन्हा पायरीवर. शेवटी ती दोन्ही मुली घेऊन ओहायोला गेली. जाताना मला म्हणाली, 'तुमच्या घरात एक मेलेला राहतो, आणि तुम्ही दोघं त्याची चाकरी करता.' मी म्हटलं, तोंड सांभाळ. — सांभाळायला नको होतं तिने. बरोबर बोलली ती.

आणि पोरं यायची थांबली. ते तर व्हायचंच होतं. शेवटची जी आली ना, तरुण, तुझ्याएवढीच, डोंगर उतरून आली, हर्शेल पायरीवर बसलेला, ती पोर त्याच्यापुढे धरायला वाकली — आणि वास आला तिला. सरळ झाली. म्हणाली, 'माझ्या लेकीला बरं करायचंय, टाईट नाही करायचं.' आणि गेली. वाटेत तिच्याबरोबरची खो खो हसत होती, घळीत आवाज घुमतो, वरपर्यंत ऐकू येत होतं. हर्शेल तसाच बसून राहिला, ओठांचा चंबू केलेला. ते तोंड मी विसरत नाही. एवढा मोठा बाप्या, आणि तोंड त्या लहानपणच्या हर्शेलचं.

त्यानंतर संध्याकाळी आम्ही दोघंच. मी शेंगा सोलत बसायची त्याच्याजवळ, सूर्य गेलेला, पण उजेड असायचा थोडा. विचारायची, आला का रे? तो म्हणायचा, नाही अजून. मग जरा वेळाने — आला का? नाही गं. मग मी आणखी थोडी ओत— म्हणजे तो घ्यायचा, त्याचा तो घ्यायचा, मी फक्त बरणी जवळ सरकवायची, हात थरथरायचे ना त्याचे, सांडली असती. आणि मग तो म्हणायचा, आला. मग मी विचारायची, कोणता बूट? डावा काढला का? काय घातलंय, तो निळा सदरा? काही बोलतोय? विचार ना, त्याला म्हणावं ओर्फा इथे आहे, म्हणावं — काय बघतेस अशी? तुझा जिवंत आहे, बाई. तुझा पितो, मारतो, काय करत असेल ते करत असेल, पण सकाळी त्याचं तोंड दिसतं तुला. मी बरणी सरकवली फक्त.

असू दे. कशावरून निघालं आणि कुठे गेलं.

मग मागच्या शिशिरात तो ओढ्यात सापडला. तोंड पाण्याबाहेर होतं एवढीच देवाची कृपा. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, यकृत गेलंय, असंच चाललं तर पुढचा बर्फ हा माणूस बघणार नाही. आणि तिथेच कोणीतरी या ठिकाणाचं नाव काढलं, या डॉक्टरीणबाईंचं. तू भेटलीस त्यांना? केस अगदी बारीक, चष्मा डोक्यावर? त्याच. मला आवडल्या. मी विचारलं, कवटी फोडणार का? म्हणाल्या, सुरी लावणार नाही. आवाज सोडणार. मी म्हटलं, आवाजाने काय होतं? ओरडून ओरडून त्याची बायको दमली! हसल्या. म्हणाल्या, हा आवाज ऐकू येत नाही. पोरं भिंगाने ऊन गोळा करून वाळलं पान पेटवतात ना, तसं या टोपीतून हजारभर बाजूंनी आवाज सोडायचा आणि डोक्याच्या आत खोल एका घेवड्याच्या दाण्याएवढ्या जागी सगळा एकत्र आणायचा, जिथे ती तहान बसलेली असते. पण जाळायचं नाही, नुसतं हलवायचं. मी म्हटलं, म्हणजे फुंकर. त्या म्हणाल्या, हो, असं म्हणता येईल. — आणि खरं बोलल्या बरं का, तेही सांगते, तू पण कान उघडे ठेवून ऐक उद्या: हे नवं आहे, अजून आजमावतोच आहोत, कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही, आम्ही वचन देत नाही. वचन देत नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. म्हणून तर आणला त्याला.

तो यायला तयार नव्हता. मला म्हणाला, 'आई, तहान गेली तर तोही जाईल.' पिवळे डोळे माझ्यावर रोखून. 'मी कधी बघितलंच नाही त्याला, आणि आता पाठसुद्धा दिसायची नाही. तुला चालेल?' मला विचारतो! मला चालेल का! मी म्हटलं, जाऊ दे. आणि म्हटल्यावर आत जाऊन दार लावून घेतलं, आणि काय केलं ते काही तुला सांगत नाही.

तर इथली रीत अशी की आत टोपी घातल्यावर माणसाला चित्रं दाखवतात. जागाच असतो तो. बाटल्यांची, ग्लासांची, आणि त्याच्या स्वतःच्या गोष्टींची पण — घरून आणायला सांगतात, तुलाही सांगितलं असेल, ज्याने त्याची तहान सगळ्यात जास्त भडकते ते आणा. दाखवायचं आणि विचारायचं, आता किती तहान? आता किती? मग फुंकर, आणि पुन्हा तीच चित्रं. मी आणली की. बरणीचा फोटो, आमच्या पायरीचा, त्याच्या गाडीच्या मागच्या फळीचा, तिथे बसून प्यायचा तो. आणि चौथा — नाही, तीनच. तीनच.

ते दाराशी कोण आलं? — नाही, दुसराच कोणी. हा बघ, त्याच्या खिशातला चाकू आणि पट्ट्याचं बक्कल, लोखंड आत नेऊ देत नाहीत, केव्हाची हातात धरून बसलेय, गरम झालं बघ. — तुला वास येतोय का गं? ओल्या कोळशाचा. पाऊस पडल्यावर खाणीच्या तोंडाशी येतो तसा. नाही? तू खोऱ्यातली, तुला नाही कळायचा. मला सकाळपासून येतोय. हर्शेलला आत नेलं आणि दार लागलं, आणि आला. इथून. या बाजूने. म्हणून म्हटलं पिशवी नको ठेवूस. ओकीला तरी कुठे बसायला जागा आहे? इतकी वर्षं पोराच्या डोक्यात बसला होता, तिथे आज झाडलोट चाललीय.

बरं, सांगते. सांगितल्याशिवाय मला चैन नाही पडायचं. चौथा होता.

डेल्फाने सगळे चुलीत घातले नव्हते. एक मी काढून घेतला होता, गोधडीच्या अस्तरात शिवला होता, मधल्या चांदणीच्या खाली. त्या गोधडीत हर्शेल निजला लहानपणी, कधी कळलं नाही त्याला. काल उसवला. पायरीवर बसलाय ओकी, तोंड धुतलेलं, केसांतून पाणी गळतंय, आणि वळून हसतोय, हातात अर्धा कांदा. आज सकाळी तो इथल्या नर्सबायांना दिला. त्या म्हणाल्या, हा कोण? म्हटलं, ह्याने तहान भडकते त्याची. बाटलीने नाही, ह्याने. तर डॉक्टरीणबाई आल्या, माझ्याजवळ बसल्या, मी सांगितलं सगळं, तुला सांगितलं तेवढं नाही, पण सांगितलं. मग म्हणाल्या, मी त्याला विचारल्याशिवाय दाखवणार नाही. आणि दाखवलाच तर शेवटी, फुंकर घालून झाल्यावर. विचारायला आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, डोकं चौकटीत बसवलंय, मान हलवता येत नाही त्याला, पण त्याने अंगठा वर केला.

म्हणजे आता, आपण इथे बोलतोय ना, आता कधीतरी तो त्याला बघतोय. किंवा बघितलाही असेल. कळतंय का तुला मी काय केलं? बघितला की संपलं. तो गुण, तो श्वास, डेल्फाने ज्याच्यासाठी स्वतःच्या लेकाचं तोंड जाळलं ते सगळं. माझ्या हाताने दिलं मी. आणि तहान गेली की तोही नाही यायचा पायरीवर, म्हणजे माझ्याकडे ते उरलं नाही आणि हेही उरलं नाही. आणि तहान नाहीच गेली, तर? तर तो बर्फ बघणार नाही. मी काय निवडायचं होतं? सांग ना, तू सांग, उद्या तुला पण बसायचंय इथे. — नको सांगूस. लहान आहेस.

थांब. — दार. — तोच आहे. तोच आहे गं. चालत येतोय. चाकाच्या खुर्चीला नको म्हणतोय, त्या बाईचा हात झटकतोय, हट्टी मेला. डोकं बघ कसं तासलंय, कपाळावर चौकटीचे वळ. कान! केस गेल्यावर कान बघ. देवा. — ये रे, ये बाबा, इकडे ये. अरे, तिथे नको, त्या खुर्चीवर न—

बस. बस बाळा. बस तिथेच.

बसला.

काय म्हणालास? मोठ्याने बोल, एक कान गेलाय माझा. — ऐकलंस, पोरी? 'किती लहान होता गं तो,' म्हणतोय. हो रे. पोरगाच होता. तुझ्यापुढे लेकरूच की आता. हसतोय ना त्यात? हो, माझ्याकडे बघूनच हसत होता. — तो कांदा होता. कांदाच. मग, कच्चाच खायचा.

तहान? किती म्हणालास त्यांना? — नाही, तो म्हणतोय भूक. भूक लागलीय. हा घे, हे घे, चाकू पण घे तुझा. सावकाश, घास अडकेल. पेपरोनीचं तेल पुस हनुवटीवरचं. — वास नाही येत. पोरी, कोळशाचा वास येत नाही मला आता. तुला तर आधीही येत नव्हता म्हणा.

काय बघतोस रे? हो, तान्ही आहे. हो, पांढरं आलंय. नाही, मी काही म्हटलं नाही तिला, नुसती गोष्ट सांगत होते. तुझं ते आता — अरे, तू बघितलंस ना त्याला. आता कसला गुण — अगं, तू उठलीस कशाला? पोर का देतेस? एवढं सगळं ऐकून? सगळं सांगितलं ना मी तुला? — थांब, आधी मला बघू दे. तोंड उघड रे. हां. पावाचा वास. साबणाचा. आणि काही नाही. देवाशपथ काही नाही. किती वर्षांनी कोणी पोर दिलं रे तुझ्या हातात, मान धर तिची, मान — विसरला नाहीस. बस्स. करा काय करायचं ते. मी नाही बोलत. शू.

—

डोळे मिटले बघ तिने. हसली. — नाही! नाही, पोरी, काही बोलायचं नाही, आभार तर अजिबात नाही, तोंड मीट. थेंब घाल वेळच्या वेळी. उचल लेकीला, उचल पिशवी, आणि नीघ आता, मागे वळून बघू नकोस. आम्हाला जेवायचंय.